माहितीची प्रत आणि परतीची वाट

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे सर्व व्यवहार थांबविण्यात आले. बाजाराची नेहमीची वेळ दुपारी साडेतीनपर्यंत असते. त्या दिवशी ती वेळ उलटून गेल्यावर, ३ वाजून ४५ मिनिटांनी, व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि सायंकाळी ५ वाजेपर्यंत चालू ठेवण्यात आले. सकाळी घेतलेले समभाग त्याच दिवशी विकण्याचा ज्यांचा हेतू होता, त्यांना मधल्या चार तासांत या बाजारात काहीच करता येत नव्हते. बाजार पुन्हा उघडेल की नाही याची खात्री नसल्याने अनेक दलालांनी आपल्या ग्राहकांचे व्यवहार मुंबई शेअर बाजारात पूर्ण करून टाकले. भाव कोणता मिळेल, हे त्या ग्राहकांच्या हाती राहिले नव्हते.

राष्ट्रीय शेअर बाजाराकडे पर्यायी व्यवस्था मात्र होती. माहितीची एक प्रत मुंबईतच जवळच्या दुसऱ्या केंद्रात लिहिली जात होती आणि आपत्तीच्या वेळी वापरावयाचे स्वतंत्र केंद्र चेन्नई येथे उभारलेले होते. तरीही देशातील सर्वांत मोठा शेअर बाजार चार तास बंद राहिला. चेन्नई येथील केंद्रातून व्यवहार का सुरू करण्यात आले नाहीत, असा प्रश्न 'सेबी' या नियामक संस्थेने त्याच दिवशी विचारला.

बँका, रुग्णालये, रेल्वे आरक्षण, विमानसेवा, वीजबिले, भूमी अभिलेख अशी असंख्य कामे आज संगणकातील नोंदींवर चालतात. यांपैकी कोणत्याही व्यवस्थेच्या बाबतीत हाच प्रश्न उभा राहू शकतो. माहितीची प्रत असणे ही एक गोष्ट आहे आणि त्या प्रतीवरून काम वेळेत पुन्हा सुरू करता येणे ही दुसरी. या दोहोंमध्ये किती अंतर असते, हे गेल्या काही वर्षांतील घटनांवरून समजून घेता येते.

एका नावाखाली दोन कामे

'दुसरी प्रत ठेवली आहे' या बोलण्यात दोन निरनिराळी कामे एकत्र केली जातात. पहिले काम रेप्लिकेशनचे. मूळ संगणकावर होणारा प्रत्येक बदल लगेच, किंवा अगदी थोड्या वेळात, दुसऱ्या संगणकावर उतरविणे म्हणजे रेप्लिकेशन. मूळ संगणक बंद पडला, इमारतीला आग लागली किंवा वीज गेली, तर दुसऱ्या संगणकाने काम हाती घ्यावे, हा त्यामागील उद्देश असतो.

दुसरे काम बॅकअपचे. ठरावीक वेळी माहिती जशी होती तशी उतरवून घेणे आणि ती प्रत चालू कामापासून वेगळी ठेवणे म्हणजे बॅकअप. काल रात्रीची, गेल्या रविवारची, गेल्या महिनाअखेरची अशा अनेक प्रती त्यात असू शकतात. काही बिघडले, तर बिघडण्यापूर्वीच्या स्थितीकडे परत जाता यावे, यासाठी त्या असतात.

जुन्या कचेरीतील उदाहरण घेतले, तर हा फरक स्पष्ट होतो. दोन कागदांमध्ये कार्बन कागद घालून लिहिले की वरच्या कागदावरील प्रत्येक अक्षर खालीही उमटते. वरचा कागद हरवला तर खालचा हाताशी असतो. पण लिहिणाऱ्याने रक्कम चुकीची लिहिली, तर ती दोन्ही कागदांवर सारखीच चुकीची उमटते. याउलट, दररोज सायंकाळी वहीची नक्कल करून ती दुसऱ्या गावी कुलपात ठेवली, तर आजची चूक कालच्या नकलेला स्पर्श करीत नाही. मात्र वही जळाल्यास आज सकाळपासूनच्या नोंदी त्या नकलेत सापडणार नाहीत. रेप्लिकेशन हा कार्बन कागद आहे आणि बॅकअप ही कुलपातील नक्कल. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

अंतराचे गणित

रेप्लिकेशनचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याचा निरोप आल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे मानले जात नाही. यास समकालिक रेप्लिकेशन म्हणता येईल. दुसऱ्या प्रकारात मूळ ठिकाणी नोंद झाली की व्यवहार पूर्ण होतो आणि दुसऱ्या ठिकाणची नोंद मागाहून पोहोचते. पहिल्या प्रकारात एकही नोंद हरवत नाही, परंतु प्रत्येक व्यवहाराला दुसऱ्या ठिकाणच्या उत्तराची वाट पाहावी लागते. दुसऱ्या प्रकारात काम वेगाने होते, पण अपघात घडल्यास वाटेत असलेल्या शेवटच्या काही नोंदी नष्ट होऊ शकतात.

कोणता प्रकार निवडावा, हे बऱ्याच अंशी अंतर ठरविते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे १०० किलोमीटर अंतरावर जाऊन परत येण्यास किमान १ मिलिसेकंद लागतो. मुंबई आणि चेन्नई यांमधील सरळ रेषेतील अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे, म्हणून तेथे जाण्यायेण्यास निदान १० मिलिसेकंद लागणारच. एकामागून एकच करता येतील अशा नोंदींसाठी प्रत्येक वेळी एवढे थांबावे लागले, तर सेकंदाला शंभराहून अधिक नोंदी होणार नाहीत. शेअर बाजाराच्या दृष्टीने हा वेग फारच कमी आहे आणि कितीही खर्च केला तरी प्रकाशाचा वेग वाढविता येत नाही.

मग दोन्ही केंद्रे जवळच का ठेवू नयेत? मुंबईकरांना याचे उत्तर ठाऊक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर परिसरातील बहुतांश भागाची वीज एकाच वेळी गेली. अशा आपत्तीत एकाच शहरातील दोन्ही केंद्रे सापडू शकतात. म्हणूनच मोठ्या वित्तीय संस्था तीन केंद्रांची रचना करतात. मुख्य केंद्राजवळचे एक केंद्र समकालिक प्रत ठेवते आणि दूरच्या, वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रातील केंद्राला माहिती मागाहून मिळते. जवळच्या केंद्रामुळे नोंदी हरवत नाहीत आणि दूरच्या केंद्रामुळे शहरावरच संकट आले तरी काम चालू राहू शकते.

२४ फेब्रुवारीला काय घडले

राष्ट्रीय शेअर बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य केंद्र आणि मुंबईतील जवळचे केंद्र यांना जोडणाऱ्या, दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या वाहिन्या त्या दिवशी अस्थिर झाल्या. त्यांच्या मार्गावर चालू असलेले खोदकाम व बांधकाम हे त्याचे प्रमुख कारण होते. दोन कंपन्या असूनही दोन्हींवर एकाच वेळी परिणाम झाला.

वाहिनी तुटली तरी मुख्य केंद्रातील साठवण यंत्रणेने एकटीने काम चालू ठेवावे, अशी रचना होती. प्रत्यक्षात ती यंत्रणा अनपेक्षित रीतीने वागली आणि मुख्य केंद्रातील सर्व्हरांनाच तिच्यातील माहिती मिळेनाशी झाली. त्यामुळे जोखीम नियंत्रण, व्यवहारांची पूर्तता, निर्देशांक आणि देखरेख या यंत्रणा बंद पडल्या. सौदे जुळविणारी यंत्रणा चालू असली, तरी एखाद्या दलालाने आपल्या ठेवीच्या मर्यादेपलीकडे सौदे केले आहेत काय, हे तपासता येत नसताना बाजार चालू ठेवणे धोक्याचे होते. म्हणून तो थांबविण्यात आला.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, माहिती नष्ट झाली नव्हती. माहिती सुरक्षित राहावी म्हणून उभारलेल्या जोडणीतील बिघाडच मूळ यंत्रणेपर्यंत पोहोचला. सुरक्षेसाठी जोडलेला प्रत्येक दुवा हा बिघाडाची आणखी एक जागाही असतो. तो दुवा तुटल्यावर यंत्रणा कशी वागेल, हे केवळ आराखड्यावरून ठरविता येत नाही. तो मुद्दाम तोडून पाहावा लागतो.

चूकही त्याच वेगाने पोहोचते

रेप्लिकेशनची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. त्याला योग्य नोंद आणि अयोग्य नोंद यांतील भेद कळत नाही. २७ फेब्रुवारी २०११ रोजी जीमेलच्या काही वापरकर्त्यांना आपली पत्रपेटी रिकामी दिसू लागली. साठवण यंत्रणेच्या आज्ञावलीत केलेल्या एका सुधारणेतून दोष शिरला होता आणि त्याचा परिणाम माहितीच्या एकाहून अधिक प्रतींवर झाला. गूगलकडे अनेक केंद्रांत प्रती होत्या. परंतु त्या सर्व चालू व्यवस्थेशी जोडलेल्या होत्या. शेवटी ही पत्रे परत मिळाली ती चुंबकीय फितींवरून. त्या फिती जोडलेल्या नसल्यामुळेच दोष त्यांच्यापर्यंत पोहोचला नव्हता. बाधित वापरकर्त्यांचे प्रमाण ०.०२ टक्के होते, तरी जगातील एका अग्रगण्य संगणक कंपनीला अखेरीस फितीचाच आधार घ्यावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

चुकीऐवजी घातपात असेल, तर काय होते, हे २७ जून २०१७ रोजी डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज वाहतूक कंपनीला कळले. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक आज्ञावलीने त्या कंपनीचे जगभरचे संगणकजाळे निकामी केले. अनेक देशांतील बंदरांची कामे थांबली. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहातर्फे चालविल्या जाणाऱ्या टर्मिनललाही त्याचा फटका बसला.

कोणत्या कर्मचाऱ्याला कोणत्या यंत्रणेत प्रवेश द्यावा, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर मर्स्ककडे जगभर होते. ते सतत एकमेकांशी जुळवून घेत असत. एक बंद पडला तरी उरलेल्यांवरून तो पुन्हा उभा करता येईल, असा त्यामागील हिशेब होता. सर्व एकाच वेळी पुसले जातील, ही शक्यता त्या हिशेबात धरलेली नव्हती. या नोंदींचा स्वतंत्र बॅकअप कोठेही सापडेना. अखेर शोध घेता घेता घाना येथील कार्यालयातील एक सर्व्हर शाबूत असल्याचे आढळले. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यावरील माहिती माणसाकरवी विमानाने ब्रिटनला नेण्यात आली आणि तिच्या आधारे जाळे पुन्हा उभारण्यात आले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्यानुसार, दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने सज्ज करावे लागले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर एवढे सांगितले गेले.

घाना येथे वीज गेली नसती, तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. जे काम तेथे योगायोगाने झाले, ते योजनापूर्वक करणे, म्हणजे एक प्रत नेहमी जाळ्यापासून तोडून ठेवणे, हाच बॅकअपचा गाभा आहे.

बॅकअप कशाला म्हणावे

यासंबंधी जगभर एक सोपा नियम सांगितला जातो: तीन, दोन, एक. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक तरी दुसऱ्या ठिकाणी असावी. खंडणीखोर आज्ञावलींचा उपद्रव वाढल्यापासून यात आणखी एक अट घातली जाते. एक प्रत अशी असावी की, एकदा लिहिल्यावर ती ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही, अगदी व्यवस्थापकालाही, बदलता किंवा पुसता येऊ नये. कारण अशा हल्ल्यात चोर आधी बॅकअप शोधून तो नष्ट करतो आणि मगच मूळ माहितीला कुलूप घालतो.

दररोज सर्व माहितीची संपूर्ण प्रत घेणे मोठ्या संस्थांना परवडत नाही. म्हणून सामान्यतः आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत आणि रोज केवळ बदललेल्या भागाची प्रत घेतली जाते. महत्त्वाच्या डेटाबेसमध्ये याच्या जोडीला प्रत्येक व्यवहाराची क्रमवार रोजनिशीही जपली जाते. दुपारी १२ वाजता कोणी चुकून खाती पुसली, तर रविवारची पूर्ण प्रत घेऊन, त्यावर पुढील दिवसांचे बदल चढवून, आजची रोजनिशी ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंतच पुन्हा चालविता येते. चुकीच्या आधीच्या क्षणाकडे परत जाण्याचा हाच मार्ग आहे.

अशा प्रतीचे मोल दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, दिसून आले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील 'ई-हॉस्पिटल' यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती सांकेतिक रूपात बंद करण्यात आली. रुग्णांची नोंदणी, दाखल करून घेणे, घरी पाठविणे ही कामे जवळजवळ दोन आठवडे हाताने करावी लागली. लांबून उपचारासाठी आलेल्या रुग्णांना त्या दिवसांत ताटकळावे लागले. परंतु हल्ला न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून सर्व माहिती परत मिळविता आली. माहिती वाचली, वेळ मात्र वाचला नाही.

दक्षिण कोरियात याच्या उलट घडले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील सरकारी माहिती केंद्रात, वीज अखंड राहावी म्हणून बसविलेल्या लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. टपाल, ओळखपत्रे आणि अनेक नागरी सेवा विस्कळीत झाल्या. यांपैकी बहुतेक सेवा टप्प्याटप्प्याने परत आणता आल्या. 'जी-ड्राइव्ह' या नावाने सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारी यंत्रणा मात्र जळून गेली. तिच्यात ८५८ टेराबाइट माहिती होती. एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर प्रत ठेवणे शक्य नव्हते, असे कारण देण्यात आले. ज्या खात्याने आपली सर्व कागदपत्रे तेथेच ठेवण्याचा नियम केला होता, त्याची हानी सर्वांत मोठी झाली. संगणकतंत्रात जगात अग्रेसर मानल्या जाणाऱ्या देशात हे घडले.

तपासून न पाहिलेली प्रत

बॅकअप घेतला जात आहे, असा समज असणे आणि तो खरोखर घेतला जाणे यांतही फरक आहे. गिटलॅब ही कंपनी संगणक आज्ञावली लिहिणाऱ्यांना जागा पुरविते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या मूळ डेटाबेसशी दुय्यम डेटाबेसची जुळणी बिघडली. ती दुरुस्त करण्यासाठी दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा एका अभियंत्याने रात्री उशिरा दिली. परंतु ती आज्ञा चुकून मूळ सर्व्हरवर गेली. एकदोन सेकंदांत चूक लक्षात येऊन त्याने ती थांबविली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट माहितीच उरली होती.

त्यानंतर बॅकअपचा शोध सुरू झाला. रोजचा बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी निघाली. बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचे असल्याने ते दररोज अयशस्वी होत होते. तशी सूचना देणारी ई-पत्रे संस्थेच्याच पत्रव्यवस्थेने नाकारल्यामुळे कोणापर्यंत पोहोचली नव्हती. अनेक पद्धती योजलेल्या असूनही ऐन वेळी एकीचाही भरवसा उरला नाही. सुदैवाने त्याच अभियंत्याने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी एक प्रत घेऊन ठेवली होती. तिच्यावरून यंत्रणा उभी राहिली. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही सर्व हकिकत स्वतः जाहीर केली, म्हणून इतरांना तिच्यापासून शिकता आले.

बॅकअप घेतल्याचा अहवाल रोज टेबलावर येणे पुरेसे नाही. त्या प्रतीवरून माहिती वेगळ्या संगणकावर उतरवून, खात्यातील शिल्लक जुळते का, रुग्णाचा अहवाल उघडतो का, हे ठरावीक मुदतीने पाहावे लागते. बॅकअपची कसोटी तो परत आणण्यातच लागते.

किती गमावता येईल, किती थांबता येईल

कोणत्याही संस्थेने योजना आखताना दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत दिली पाहिजेत. आपत्ती आल्यास मागील किती वेळच्या नोंदी गमावल्या तर चालेल, हा पहिला प्रश्न. काम किती वेळात पुन्हा सुरू झाले पाहिजे, हा दुसरा. दररोज रात्री बॅकअप घेणाऱ्या संस्थेने पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'चोवीस तासांपर्यंत' असे, कळत नकळत, देऊनच ठेवलेले असते.

दुसऱ्या प्रश्नाचे गणितही मांडून पाहण्यासारखे आहे. १० टेराबाइट माहिती सेकंदाला १ गिगाबिट वेगाच्या वाहिनीवरून परत आणावयाची झाल्यास, काही अडथळा न येताही २२ तासांहून अधिक काळ लागतो. सेवा ९९.९ टक्के काळ चालू राहील, असे आश्वासन ऐकताना मोठे वाटते. पण त्याचा अर्थ वर्षातून पावणेनऊ तास ती बंद राहू शकते असा होतो. ९९.९९ टक्क्यांचा अर्थ वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. आकड्यात आणखी एक नऊ वाढविण्यासाठी खर्च बराच वाढवावा लागतो. म्हणून कोणते काम क्षणभरही थांबता कामा नये आणि कोणते दोन दिवस थांबले तरी चालेल, ही वर्गवारी संगणक विभागाने एकट्याने करण्याची बाब नाही. ती संस्थेच्या प्रमुखांनी करावयाची असते.

२४ फेब्रुवारीच्या घटनेनंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी हे आकडे घालून दिले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांच्या आत आपत्ती घोषित करावी, घोषणेपासून ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करावे आणि गमावलेल्या माहितीचा कालावधी १५ मिनिटांहून अधिक नसावा, असे त्यात म्हटले आहे. यांतील पहिली अट विशेष महत्त्वाची आहे. दूरच्या केंद्राकडे जाणे म्हणजे शेवटच्या काही नोंदींवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे. त्यामुळे 'आणखी दहा मिनिटांत बिघाड दुरुस्त होईल' या आशेवर अधिकारी थांबत राहतात आणि तास उलटतात. निर्णयालाच मुदत घातल्यामुळे ही चालढकल टळते.

सरावाचे महत्त्व

नियम कागदावर राहू नये, यासाठी सरावाची जोड लागते. शनिवार, २ मार्च २०२४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार आणि मुंबई शेअर बाजार यांनी सुटीच्या दिवशी विशेष सत्रे घेतली. सकाळी सव्वानऊ ते दहा या वेळेत व्यवहार मुख्य केंद्रातून झाले आणि साडेअकरा ते साडेबारा या वेळेत ते आपत्कालीन केंद्रातून झाले. १८ मे २०२४ या शनिवारीही असेच सत्र घेण्यात आले. खऱ्या गुंतवणूकदारांचे खरे सौदे, खऱ्या पैशांनिशी, पर्यायी केंद्रातून पार पडले. प्रयोगशाळेतील चाचणीपेक्षा या परीक्षेचे मोल अधिक आहे. कोणता दूरध्वनी कोणी करावयाचा, कोणती आज्ञा आधी द्यावयाची, कोणत्या दलालाची जोडणी नव्या केंद्राशी होत नाही, अशा बारीक गोष्टी सरावातच उघड होतात.

लहान संस्थांपुढील प्रश्न

नागरी सहकारी बँका, पतसंस्था, तालुक्याची रुग्णालये, शाळा आणि लहान कारखाने यांना तीन शहरांत केंद्रे उभारणे शक्य नाही. त्यांपैकी बऱ्याच संस्था आपली यंत्रणा सेवा पुरवठादार कंपनीकडे सोपवितात. त्यात सोय आहे, तसा धोकाही आहे. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाल्याचे निदर्शनास येताच राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला देयक जाळ्यापासून तात्पुरते तोडले. तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत होईपर्यंत अडकले. काम दुसऱ्याकडे सोपविता येते, ग्राहकाप्रतीची जबाबदारी सोपविता येत नाही.

तरीही लहान संस्थांच्या आवाक्यातील उपाय आहेत. महत्त्वाच्या माहितीचा ठरावीक मुदतीने बॅकअप घ्यावा आणि नंतर संगणकापासून वेगळ्या करता येणाऱ्या साधनावर तो ठेवावा, असे रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना २०१८ मधील सायबर सुरक्षाविषयक सूचनांतच सांगितले आहे. दोन हार्ड डिस्क आलटून पालटून वापरणे, त्यांपैकी एक नेहमी दुसऱ्या इमारतीत कुलपात ठेवणे, तिच्यावरील माहितीला सांकेतिक कुलूप लावणे आणि त्याची किल्ली एकाच माणसाकडे न ठेवणे, हे कोणत्याही संस्थेला जमण्यासारखे आहे. सेवा पुरवठादाराशी करार करताना बॅकअप कोठे ठेवला जातो, तो किती वेळात परत मिळेल आणि मागील वेळी तो कधी उतरवून पाहिला, हे तीन प्रश्न लेखी विचारता येतात.

संचालक मंडळाच्या बैठकीत नफा, थकबाकी आणि ठेवी यांचे आकडे दर वेळी मांडले जातात. त्यांच्याच खाली आणखी एक ओळ असावी: बॅकअपवरून माहिती शेवटची कोणत्या तारखेला परत आणून पाहिली आणि त्यास किती तास लागले. ती ओळ कोरी राहत असेल, तर त्या संस्थेकडे प्रत आहे एवढेच म्हणता येईल. परतीची वाट आहे की नाही, हे मात्र संकट येईपर्यंत कोणालाच कळणार नाही.